टेंडर उघडण्याआधीच कोण बाद होतो?

आपल्या बैठकांत आरक्षणाचा विषय निघाला की बोलणे नोकरीवर येते आणि नोकरीवरच संपते. अनुशेष किती राहिला, बिंदुनामावलीत कुठे खाडाखोड झाली, पदोन्नतीचा जीआर कुणी अडवला. हे बोललेच पाहिजे. पण ज्या कार्यालयाच्या दारात आपण निवेदन घेऊन उभे असतो, तिथला सुरक्षारक्षक एका एजन्सीचा असतो, आतला डेटा एन्ट्रीवाला दुसऱ्या एजन्सीचा, झाडू मारणारी बाई तिसऱ्या एजन्सीची. इमारत कंत्राटदाराने बांधलेली, संगणक पुरवठादाराने दिलेले. सरकारचा पैसा टेंडरच्या ज्या वाटेने बाहेर पडतो ती वाट वर्षागणिक रुंद होते आहे, आणि त्या वाटेवर आपली चळवळ फारशी फिरकत नाही.

बाबासाहेब फिरकले होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षण, नोकऱ्या, प्रतिनिधित्व हे विषय आहेत. त्यांबरोबर सरकारी कंत्राटांचाही विषय आहे, आणि तो सहसा कुणी वाचत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीत ११७१ कंत्राटदार होते. त्यांतला अस्पृश्य समाजाचा किती? एक. हे खाते त्या वेळी बाबासाहेबांच्याच मजूर खात्याखाली येत होते, म्हणजे आपल्याच खात्याच्या यादीवर बोट ठेवून ते सरकारला जाब विचारत होते.

आणि त्यांच्याही आधी जोतीराव. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. बांधकाम खात्यात बिल कसे अडते, मोजमाप कोण कसे लिहितो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्या खात्यातल्या ब्राह्मण कर्मचाऱ्यांबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे.

या दोघांनी विचारलेला प्रश्न एकच होता : सरकारी काम कुणाला मिळते आणि ते कोण ठरवते? स्वातंत्र्यानंतर टेंडरवरून जे कोर्टकज्जे झाले, त्यांत मात्र हा प्रश्न हळूहळू बाजूला पडत गेला. तो कसा पडला हे समजून घ्यायचे तर मुंबईच्या विमानतळापासून सुरुवात करावी लागते.

जानेवारी १९७७. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर दुसऱ्या दर्जाचे एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षे चालवायला द्यायचे होते. विमानतळ प्राधिकरणाने जाहिरात काढली. अट स्पष्ट होती : बोली लावणारा नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला हवा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. खाली नेहमीचे वाक्य होतेच, की कोणतेही टेंडर कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. सहा टेंडरे आली. सर्वांत जास्त, म्हणजे महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे परवाना शुल्क देऊ करणाऱ्याला काम मिळाले. त्याला कँटीन चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव होता. फक्त तो जाहिरातीत मागितलेला नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला नव्हता.

याविरुद्ध रमणा दयाराम शेट्टी कोर्टात गेले. यातली गंमत अशी की शेट्टींनी टेंडर भरलेच नव्हते. त्यांचे म्हणणे सरळ होते. अट वाचून मी घरी बसलो, कारण मी ती पूर्ण करत नव्हतो. अट पाळायचीच नव्हती हे आधी सांगितले असते तर मीही बोली लावली असती. म्हणजे ज्याने टेंडर भरले नाही त्याच्यावरही अन्याय होऊ शकतो, तो दाराबाहेर थांबवला गेलेला माणूस असू शकतो. ४ मे १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिले त्याचा आशय असा, की सरकार हे खासगी व्यापाऱ्यासारखे मनाला येईल त्याला काम देऊ शकत नाही. परवाने, कंत्राटे, कोटे ही आजच्या काळातली संपत्ती आहे आणि ती वाटताना राज्यघटनेचे कलम १४ लागू होते. स्वतः लिहिलेली अट सरकारने स्वतः पाळली पाहिजे, आणि सैल करायची तर सगळ्यांसाठी उघडपणे केली पाहिजे.

आज भारतात टेंडरच्या मूल्यमापनाविरुद्ध जो कुणी उच्च न्यायालयात रिट करतो, तो या निकालाच्या आधाराने उभा असतो. पण निकालाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. शेट्टी तत्त्वावर जिंकले, प्रत्यक्षात हरले. पाच महिन्यांहून जास्त उशीर केला, तोपर्यंत समोरच्याने फर्निचर-सामानावर सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले, आणि शिवाय हा अर्जदार दुसऱ्याच कुणासाठी लढतो आहे असा न्यायालयाला संशय आला. अपील फेटाळले. स्नॅक बार ज्याचा होता त्याच्याकडेच राहिला.

तरीही मी या निकालाला मोठा मानतो. मनुस्मृतीच्या देशात राज्यसत्तेला ‘तू दिलेला शब्द सगळ्यांना सारखा लागू कर’ असे सांगणे ही लहान गोष्ट नाही. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. न्यायालयाने तपासले ते अट सर्वांना सारखी लावली की नाही एवढेच. ती अट कुणाला बाहेर ठेवते हा प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारलाच नव्हता.

पुढची कहाणी दार अरुंद होत जाण्याची आहे. १९९४ मध्ये चार महानगरांतल्या मोबाइल परवान्यांच्या वादात, टाटा सेल्युलर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आम्ही निर्णय कसा घेतला ते पाहू, निर्णय बरोबर की चूक ते पाहणार नाही, आम्ही तज्ज्ञ नाही. डिसेंबर १९९८ मध्ये खापरखेडा वीज केंद्राच्या कामावरून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा वाद गेला, तेव्हा स्थगिती देण्याआधी प्रकल्प रखडून जनतेचे किती नुकसान होईल ते मोजा, असे न्यायालयाने बजावले. २००४ मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत संगणक शिकवण्याच्या टेंडरमध्ये तीन वर्षे २० कोटींहून जास्त उलाढालीची अट होती. लहान संस्था ओरडल्या, उच्च न्यायालयाने अट रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ती परत बसवली. अटी काय ठेवायच्या हा सरकारच्या धोरणाचा भाग, त्यात कोर्टाने पडू नये.

२०१६ मध्ये प्रकरण थेट नागपुरात आले. नागपूर मेट्रोच्या टेंडरमध्ये मेट्रोच्या स्थापत्य कामाचा अनुभव मागितला होता. एका संयुक्त बोलीदारातल्या चिनी कंपनीकडे दोन शहरांदरम्यान धावणाऱ्या वेगवान रेल्वेचा अनुभव होता. तो मेट्रोचा अनुभव धरायचा का? मेट्रो कंपनी म्हणाली नाही, उच्च न्यायालय म्हणाले हो, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की टेंडर ज्याने लिहिले त्यालाच त्याचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. दुष्ट हेतू किंवा ढळढळीत विसंगती असल्याखेरीज त्याने लावलेला अर्थ मान्य करा. जो नियम करतो तोच त्याचा अर्थ लावतो, आणि त्याच नियमाने गुणही देतो. ही रचना आपल्या समाजाला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली तर आश्चर्य नाही.

२०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायद्यात दुरुस्ती झाली आणि पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना उशीर होईल अशी मनाई देण्यास दिवाणी न्यायालयांना बंदी आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांनाही सांगितले की काम थांबवू नका, फार तर नुकसानभरपाईचे पाहा. आता मूल्यमापन चुकीचे झाले असे सिद्ध करेपर्यंत पूल बांधून झालेला असतो.

कोर्टांना दोष देऊन थांबता येणार नाही, कारण टेंडरचे खटले लढवणारेही बहुतेक मोठ्या कंपन्याच असतात. हरलेला मोठा जिंकलेल्या मोठ्याला अडवतो, आणि सार्वजनिक काम लटकते. न्यायालयाचा वैताग समजू शकतो. आपला माणूस या भांडणात नसतोच. तो मूल्यमापनापर्यंत पोहोचलेला नसतो.

का नसतो, ते हिशेबाने पाहू. टेंडरला साधारण दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात पात्रता न ठरल्यास आर्थिक लिफाफा उघडतच नाहीत, मग तुमचा दर कितीही कमी असो. आता पात्रता कशी ठरते? केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांनी जो साचा दिला तो पुढे सगळीकडे कमीजास्त फरकाने चालला. गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के. आणि गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची तीन कामे प्रत्येकी ४० टक्के किमतीची, किंवा दोन कामे ५० टक्क्यांची, किंवा एक काम ८० टक्क्यांचे. दोन कोटींच्या कामासाठी म्हणजे ८० लाखांची तीन कामे, किंवा एक कोटीची दोन, किंवा १ कोटी ६० लाखांचे एक. शिवाय बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, बँकेची पतपात्रता.

या साच्यात जात कुठेही लिहिलेली नाही. आणि आयोगाचा हेतूही वाईट नव्हता, अधिकाऱ्यांनी मर्जीतल्या ठेकेदाराला बसेल अशी अट शिवू नये म्हणून ठराविक मापे दिली होती. पण ज्याच्या बापाकडे सात वर्षांपूर्वी ८० लाखांचे काम होते तोच आज दोन कोटींच्या कामाला पात्र ठरतो. त्याच्या बापाला ते काम मिळाले कारण आजोबा यादीत होते. आणि आजोबांच्या वेळची यादी आपल्याला ठाऊक आहे, ११७१ पैकी एक. अनुभवाची अट ही त्या जुन्या यादीचा वारसा पुढच्या पिढीला देते, सातबारा उतरवावा तशी. आपल्या वस्तीतला डिप्लोमा केलेला पोरगा मग काय करतो? पोटठेकेदार होतो. काम तोच करतो, अनुभवाचा दाखला वरच्याच्या नावावर जातो, पुढच्या टेंडरला तो पुन्हा अपात्र.

हा प्रश्न कोर्टासमोर सरळ मांडला गेला तो आपल्याकडे नव्हे, अमेरिकेत. व्हर्जिनिया राज्यातले रिचमंड शहर. गुलामगिरी टिकवण्यासाठी ज्यांनी यादवी युद्ध केले त्या दक्षिणेकडच्या राज्यांची ही जुनी राजधानी. १९८० च्या सुमारास शहराची निम्मी वस्ती काळ्या लोकांची होती आणि १९७८ ते १९८३ या काळात महापालिकेच्या मुख्य बांधकाम कंत्राटांतला अल्पसंख्य समाजांच्या धंद्यांचा वाटा होता ०.६७ टक्के. एप्रिल १९८३ मध्ये नऊ सदस्यांच्या नगर परिषदेने, ज्यात पाच काळे होते, ठराव केला की शहराचे काम घेणाऱ्या मुख्य कंत्राटदाराने किमान ३० टक्के रकमेचे काम अल्पसंख्य उपकंत्राटदारांना द्यावे.

त्याच वर्षी शहराच्या तुरुंगात स्टेनलेस स्टीलचे संडास आणि मुताऱ्या बसवण्याचे टेंडर निघाले. जे. ए. क्रोसन या कंपनीची एकटीचीच बोली आली, १,२६,५३० डॉलरची. ३० टक्क्यांची अट पूर्ण करायला योग्य अल्पसंख्य पुरवठादार मिळत नाही, मिळतो तो महाग पडतो, आम्हाला सूट द्या, असे कंपनी म्हणाली. शहराने सूट नाकारली आणि टेंडर पुन्हा काढायचे ठरवले. कंपनी कोर्टात गेली. २३ जानेवारी १९८९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी रिचमंडचा ठराव घटनाबाह्य ठरवला. बहुमताचे म्हणणे, समाजात सर्वसाधारण भेदभाव झाला हे पुरेसे नाही. या शहराने, या धंद्यात, नेमका कुणाला डावलले त्याचा पुरावा दाखवा. ०.६७ टक्के आणि निम्मी लोकसंख्या यांची तुलना चालणार नाही, पात्र कंत्राटदार किती होते त्याच्याशी तुलना करा.

इथे थांबून विचार करा. पात्र किती होते? पात्रच होऊ दिले नाहीत हाच तर आरोप होता. ज्या कंत्राटदार संघटनांत काळे सभासद जवळजवळ नव्हतेच, त्या धंद्यात पात्र काळे कंत्राटदार मोजायचे आणि कमी भरले की भेदभावाचा पुरावा नाही म्हणायचे. थरगुड मार्शल हे त्या न्यायालयातले एकमेव काळे न्यायमूर्ती. त्यांनी विरोधी मत लिहिले आणि रिचमंडचा इतिहास बहुमताला आठवून दिला. ते मत आपल्या प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावे. पण बहुमताच्या निकालातही एक कामाची गोष्ट आहे. न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी म्हटले की वंशाचे नाव न घेता शहराला बरेच करता येते : बोलीची प्रक्रिया सोपी करा, अनामतीच्या अटी सैल करा, नव्या उद्योजकांना प्रशिक्षण आणि आर्थिक मदत द्या. म्हणजे आरक्षण पाडणाऱ्या न्यायालयालाही कबूल होते की टेंडरच्या तटस्थ दिसणाऱ्या अटीच भिंत होतात.

आपली घटना या बाबतीत अमेरिकेच्या पुढे आहे. विशेष तरतूद हा समतेला अपवाद नसून समतेचाच भाग आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये थॉमस खटल्यात मानले. कलम ४६ अनुसूचित जाती-जमातींच्या आर्थिक हितांची विशेष जपणूक करायला राज्याला सांगते. कर्नाटकने त्याच आधाराने कायदा करून ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के आरक्षण दिले, नंतर मर्यादा एक कोटीपर्यंत नेली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचे भाषण सुरू होत नाही त्या आपल्या राज्यकर्त्यांना शेजारच्या राज्याचा हा कायदा दाखवावा लागतो, याचे मला फार नवल वाटत नाही.

केंद्राकडे २०१२ चे सार्वजनिक खरेदी धोरण आहे. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आधी २० आणि आता २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. टेंडर फॉर्म मोफत, बयाणा रक्कम माफ, आणि दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी खाली येऊन तो दर स्वीकारण्याची संधी. चांगले धोरण आहे, आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही ही आपली चूक आहे. पण ४ टक्क्यांच्या जवळपासही प्रत्यक्ष खरेदी पोहोचलेली नाही. का? धोरणातच एक वाक्य आहे : असे उद्योग टेंडरमध्ये सहभागी झाले नाहीत किंवा टेंडरच्या अटी आणि दर पूर्ण करू शकले नाहीत, तर ते ४ टक्के इतर लघु उद्योगांकडून भरून घ्यावेत. ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ हा शेरा ज्यांनी नोकरीत पाहिला आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय हे धोरण वस्तू आणि सेवांना लागू आहे, बांधकामाच्या कंत्राटांना नाही. बाबासाहेबांनी ज्या यादीवर बोट ठेवले होते ती यादी बांधकामाचीच होती.

आपल्यातले काही कार्यकर्ते इथे हरकत घेतील. चार ठेकेदार आपले झाले तर जात जाणार आहे का? ठेकेदारी हीच शोषणाची व्यवस्था, सफाई कामगार आपला, त्याला पिळणारा मुकादमही आपलाच हवा काय? हरकत खरी आहे. सर्वांत कमी दर हाच निकष असला की तो कमी दर कामगाराच्या पगारातून निघतो, आणि सफाईच्या कंत्राटात तो कामगार आपल्याच वस्तीतला असतो. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात लढावे लागले. जिथे काम कायम स्वरूपाचे आहे तिथे कंत्राटच नको, ही मागणी पहिली. पण रस्ता, पूल, शाळेची इमारत, संगणक, औषधे ही खरेदी होतच राहणार. तिथे कोण बसायचे हा प्रश्न सोडून दिला तर तो सुटत नाही, तो दुसऱ्यांच्या बाजूने सुटतो. आणि किमान वेतन पाळल्याचा पुरावा मूल्यमापनाच्या निकषात घाला, ही मागणी तरी कोण करणार?

अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने बोलीदाराला सरकारी लेखा कार्यालयाकडे हरकत नोंदवता येते. हरकत मुदतीत गेली की काम साधारणपणे आपोआप थांबते आणि १०० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आपल्याकडे स्वतंत्र तक्रार निवारण समित्यांची तरतूद असलेले सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विरून गेले. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मात्र, बोलीदाराला अटींवर, प्रक्रियेवर आणि नकारावर प्रश्न विचारता येईल अशी सोय टेंडरच्या कागदपत्रातच असावी, असे म्हटले आहे.

ही सोय वापरायची वेळ टेंडर उघडल्यावर येत नाही, त्याच्या आधी येते. निमूटपणे बोली भरून मग अट चुकीची होती म्हणणाऱ्याचे कोर्ट सहसा ऐकत नाही. म्हणून बोलीपूर्व बैठकीत लेखी प्रश्न टाकायचा : एवढ्या उलाढालीची अट कोणत्या कारणासाठी, नव्या उद्योगांना अनुभवात सूट देण्याची केंद्राची २०१६ पासूनची सूचना इथे का लागू केली नाही, ४ टक्क्यांपैकी या कार्यालयाने गेल्या वर्षी किती खरेदी केली. उत्तर आले तर ते शुद्धिपत्रकात छापून सगळ्यांना कळते. नाही आले तर माहिती अधिकाराचा अर्ज, आणि मूल्यमापन समितीने दिलेल्या गुणांच्या तक्त्याची प्रत. आपल्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या नोंदणीकृत कंत्राटदारांची यादी मागवणारा अर्ज तर टेंडर न भरणाऱ्यालाही करता येतो. दहा रुपयांचे तिकीट लागते. १९४२ साली दिल्लीतल्या एका खात्याची यादी बाबासाहेबांनी मोजली होती, आपल्या तालुक्याची अजून कुणी मोजलेली नाही.